तेल्याचा नमुना माल्डीवर सारखा नापास होतोय? आधी प्लेट बघा, मशीन नंतर

मृग बहार धरला की जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेत डाळिंबाची रोगट पानं तपासायला यायला लागतात. पाणी शोषल्यासारखे तेलकट डाग, उजेडात धरलं तर आरपार दिसणारे. फळ आलं असेल तर डागावर इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारखी चीर. तेल्या, म्हणजे डाळिंबाचा जिवाणूजन्य करपा, आहे हे बागायतदाराला माहीत असतं, आम्हालाही. तरी नमुन्यातला जिवाणू वेगळा करायचा, वाढवायचा आणि माल्डी-टॉफवर, म्हणजे प्रथिनांच्या वस्तुमानांवरून जिवाणू ओळखणाऱ्या यंत्रावर, त्याची ओळख पटवायची असा रिवाज आहे. आणि तिथेच गाडी अडते. कधी 'नो पीक्स फाउंड' येतं. कधी जुळणीचा स्कोअर १.४च्या आसपास घुटमळतो, हवा असतो २.०च्या वर. कधी हिरवी पट्टी, म्हणजे ओळख पक्की अशी खूण, येते पण नाव भलतंच, आणि हा तिसरा प्रकार सगळ्यात घातक.

आमच्या प्रयोगशाळेत हे यंत्र नाही. आम्ही एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नमुने नेतो. तिथले तंत्रज्ञ पहिल्याच खेपेला स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मॅडम, पीक नाही आलं." नमुना देणारे काका त्या दिवशी सोबत होते. ते लगेच म्हणाले, "आमचं तरी कुठं आलंय यंदा." तेव्हापासून मी आलेखावरच्या त्या टोकांना सुळके म्हणते. या लेखातही तेच म्हणणार आहे.

यंत्रातल्या त्याच स्टीलच्या प्लेटवर, आमच्या ठिपक्याला लागून, कुणाच्या तरी लघवीतला ई. कोलाय २.३ स्कोअर घेऊन झोकात बसला होता. म्हणजे यंत्र आजारी नव्हतं. गडबड आम्ही जिवाणू उचलून प्लेटवर लावतो त्या काडीवर होती. पुढचे दोन हंगाम ती शोधण्यात गेले, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

यंत्र काय करतं ते दोष शोधण्यापुरतं सांगते. स्टीलच्या प्लेटवर जिवाणूंचा पातळ थर, त्यावर मॅट्रिक्स नावाचं आम्लधर्मी द्रावण. ते वाळून स्फटिक झाले की त्यावर लेसरचा मारा करायचा. बऱ्याच यंत्रांत ३३७ नॅनोमीटरचा नायट्रोजन लेसर असतो. स्फटिक ती ऊर्जा झेलतात आणि प्रथिनांना न मोडता विद्युतभारासकट उडवतात. निर्वात नळीत हलकी प्रथिनं आधी पोचतात, जड मागून. पोचायला लागलेल्या वेळेवरून वस्तुमान निघतं. आपल्याला २,००० ते २०,००० डाल्टन एवढाच पट्टा लागतो आणि त्यातले बहुतेक ठळक सुळके रायबोसोमच्या प्रथिनांचे असतात. हा सगळा नकाशा संगणकातल्या ग्रंथालयाशी ताडून पाहिला जातो. बायोटायपर पद्धतीत ० ते ३ असा स्कोअर मिळतो: २.० किंवा वर म्हणजे प्रजातीपर्यंत भरवसा, १.७ ते १.९९ म्हणजे फार तर वंशापर्यंत, त्याखाली काहीच नाही. व्हायटेक एमएस या दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर टक्क्यांत उत्तर येतं, तेव्हा हे आकडे तिथे लावू नका.

आता पहिली सवय लावून घ्या. स्कोअर बघायच्या आधी आलेख उघडून बघा. आम्ही वर्षभर नुसता रंगीत तक्ता छापून घेत होतो आणि लाल दिसलं की पुन्हा काडी मारत होतो. पाच वेळा तीच चूक केली की पाच वेळा तेच लाल येतं. आलेख बघितला की समजतं, तिथे आडवी रेघ आहे, गवत उगवलंय, की सुळके छान आहेत आणि तरी स्कोअर पडलाय. तिन्हीची औषधं वेगळी.

त्याच्याही आधी मानकाचा ठिपका. प्रत्येक फेरीला ई. कोलायच्या अर्काचं प्रमाणित द्रावण लावतात. त्यात आरएनेज-ए आणि मायोग्लोबिन ही दोन प्रथिनं मुद्दाम मिसळलेली असतात, म्हणजे १३,६८३ आणि १६,९५२ डाल्टनच्या आसपास सुळके दिसायलाच हवेत. ते जागेवर नसतील तर तुमच्या नमुन्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. कॅलिब्रेशन, मॅट्रिक्स किंवा प्लेटची स्वच्छता यांपैकी काहीतरी बिघडलंय. ते जागेवर असतील तर यंत्राला दोष देणं बंद करा.

आडवी रेघ: गुन्हेगार म्हणजे बुळबुळीतपणा

तेल्याचा जिवाणू झँथोमोनास. त्याला साखर मिळाली की तो स्वतःभोवती झँथन नावाचा डिंक तयार करतो. केचपच्या बाटलीवर घटकांच्या यादीत ४१५ क्रमांकाचा घट्ट करणारा पदार्थ दिसतो ना, तो हाच. त्यासाठी याच कुळातला झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस कारखान्यात वाढवतात. केचपला दाटपणा देणारी गोष्ट लेसरच्या वाटेत मात्र आडवी येते. डिंकात गुरफटलेल्या पेशींतून प्रथिनं नीट सुटत नाहीत, मॅट्रिक्स आत शिरत नाही, स्फटिक धड बनत नाहीत.

आम्ही काय करत होतो? वनस्पतिरोगशास्त्रात शिकवतात तसं यीस्ट-डेक्स्ट्रोज-चॉक आगारवर, म्हणजे साखर आणि खडू घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर, जिवाणू वाढवत होतो. त्यावर झँथोमोनास देखणा दिसतो: पिवळा, फुगीर, चकचकीत, आंब्याच्या रसाचा थेंब पडावा तसा. ओळखायला उत्तम, माल्डीला नेमका वाईट. काडी लावून उचलली की एकतारी पाकासारखी तार सुटते. ती तार दिसली की समजा, वाढीच्या या प्लेटवरून माल्डी होणार नाही. शिवाय माध्यमातल्या खडूचे कण काडीला चिकटतात ते वेगळंच.

उपाय साधा आहे. शुद्ध केलेली कॉलनी बिनसाखरेच्या साध्या न्यूट्रिएंट आगारवर पुन्हा रेघाटायची आणि २८ अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवायची. वाढ मरतुकडी दिसते, कॉलन्या बारीक आणि फिक्या येतात. तशाच हव्यात. चार-पाच दिवसांची प्लेट वापरायची नाही. जुन्या वाढीत डिंक वाढतो आणि रायबोसोमची प्रथिनं रोडावतात.

दुसरी गोष्ट, काडीवर किती घ्यायचं. नवखा माणूस हमखास जास्त घेतो. ठिपक्यावर ढीग दिसला की गेलं. घावनाआधी तवा तेलाच्या फडक्याने पुसतो तेवढाच थर हवा, खालच्या स्टीलची चमक दिसली पाहिजे.

थेट काडीने लावून, वर ७० टक्के फॉर्मिक आम्लाचा १ मायक्रोलिटर थेंब टाकून काही नमुने निघतात. तेल्याच्या जिवाणूला मी आता तो प्रयोग करतच नाही, सरळ अर्क काढते. आधी धुणं: एक मिलिलिटर निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात कॉलन्या ढवळायच्या, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं बुळबुळीत पाणी काढायचं, असं दोनदा. इथे एक खाचखळगा आहे. डिंकाळ पेशींचा साका घट्ट बसत नाही. नळी उलटी केली की साकाही घसरून बेसिनमध्ये जातो. उलटू नका, पिपेटने वरवर ओढा. मग ३०० मायक्रोलिटर पाण्यात पेशी मिसळून ९०० मायक्रोलिटर निव्वळ इथेनॉल घालायचं, दोन मिनिटं जोरात फिरवायचं, इथेनॉल काढायचं, पुन्हा एकदा फिरवून उरलासुरला थेंबही काढायचा आणि साका वाळू द्यायचा. इथेनॉलचा वास येत असेल तर वाळलेला नाही. मग साक्याच्या मानाने ७० टक्के फॉर्मिक आम्ल, बहुतेक वेळा २५ ते ५० मायक्रोलिटर. नीट मिसळून तेवढंच अ‍ॅसिटोनायट्राइल. पुन्हा दोन मिनिटं फिरवून वरच्या निवळीतला १ मायक्रोलिटर प्लेटवर. वाळला की लगेच वर १ मायक्रोलिटर मॅट्रिक्स. चहा पिऊन येऊ म्हणून तसाच सोडायचा नाही. आणि हे सगळं हातमोजे घालून, हूडमध्ये. फॉर्मिक आम्ल कातडी जाळतं.

या पद्धतीचा एक फायदा आम्हाला उशिरा कळला. इथेनॉल घातलेल्या नळीत पेशी मेलेल्या असतात आणि प्रथिनं टिकून राहतात. आधी आम्ही जिवंत प्लेटा थर्मोकोलच्या डब्यात घालून एसटीने नेत होतो. रुग्णालयाचा मोकळा वेळ मिळेपर्यंत प्लेट पाच-सहा दिवसांची व्हायची, वर पाण्याचे थेंब साचायचे. आता ४८ तासांनी आमच्याकडेच इथेनॉलपर्यंतचं काम उरकतो आणि नळ्या नेतो. रुग्णालयालाही झाडांचे जिवंत जंतू आपल्या खोलीत नकोच होते, त्यांचा जीवही भांड्यात पडला. आमच्या आडव्या रेघा बहुतेक इथेच संपल्या.

गवत उगवलंय

आलेखात बारीक बारीक टोकं आणि तळ वर उचललेला, असं असेल तर मॅट्रिक्सकडे बघा. आपण वापरतो ते एचसीसीए नावाचं मॅट्रिक्स ५० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल आणि २.५ टक्के ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्लात विरघळवलेलं असतं. झाकण सैल राहिलं की अ‍ॅसिटोनायट्राइल उडतं आणि तळाशी पिवळी रेती बसते. उजेडही त्याला सोसत नाही. पावसाळ्यात दमट हवेत ठिपका वाळायला वेळ लागतो आणि स्फटिक कडेला गोळा होऊन मध्ये टक्कल पडतं. भिंगाखाली लगेच दिसतं. वातानुकूलित खोलीत ठिपके लावले की फरक पडतो.

मॅट्रिक्सला कमी लेखू नका. या तंत्रातल्या कामासाठी २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळालेले कोइची तानाका यांनी चुकून कोबाल्टच्या भुकटीत ग्लिसरीन मिसळलं आणि भुकटी महाग म्हणून टाकून न देता तेच मिश्रण वापरून पाहिलं. मोठे रेणू न मोडता उडाले ते तेव्हा. आपलं मॅट्रिक्स त्या मिश्रणाचं नाही, ते कारास आणि हिलेनकँप या जर्मन शास्त्रज्ञांच्या वाटेने आलेलं आहे. पण अडलं तर आधी मिश्रणाकडे बघावं, एवढं यातून नक्की घेता येतं.

आणखी एक ओळखीचं गवत: हलक्या वस्तुमानाच्या बाजूला ४४-४४ डाल्टनच्या अंतरावर शिड्यांसारखी टोकं. ते पॉलिइथिलिन ग्लायकॉल, म्हणजे साबण, डिटर्जंट किंवा प्लॅस्टिकमधून आलेलं. काचेची भांडी साबणाने घासून अर्धवट विसळणारं कोणीतरी तुमच्याकडे आहे.

सुळके छान, नाव भलतंच

एकदा आम्हाला २.२ स्कोअरने पँटोइया अ‍ॅग्लोमेरान्स मिळाला. हिरवी पट्टी. अहवाल टंकून झाला होता. सहीच्या वेळी मला आठवलं की ही प्लेट दुसऱ्याच दिवशी भरली होती. डाळिंबाचा झँथोमोनास एवढा घाईचा नाही. पानातून काढल्यावर त्याच्या कॉलन्या धड दिसायला ७२ तास लागतात. चोवीस तासांत पिवळी धमक वाढ दिसली तर ती बहुधा पँटोइयाची. तो पानांवर नुसता राहणारा भाडेकरू आहे, रंगाने पिवळा, आणि मेलेल्या उतीवर आधी ताव मारतो. यंत्राने खरं तेच सांगितलं होतं. आम्ही त्याच्यापुढे चुकीचा जिवाणू ठेवला होता.

म्हणून नमुना घेतानाच जपायचं. फुटलेलं, कुजलेलं फळ नको. त्यात सगळं गाव जमलेलं असतं. पानावरचा ताजा, अजून तेलकट असलेला डाग घ्या. डाग आणि निरोगी भाग यांच्या सीमेवरचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापा, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा मिनिट, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कापलेल्या कडेतून धुराच्या लोटासारखे जिवाणू बाहेर पडताना दिसले तर तुकडा कामाचा. लोट नाही दिसला तर डाग सर्कोस्पोरासारख्या बुरशीचा असू शकतो, मग जिवाणूंची प्लेट घालायचीच कशाला? लोट दिसलेल्या थेंबातूनच रेघाटा, आणि दुसऱ्या दिवशीच्या घाईच्या कॉलन्यांवर मार्करने फुली मारून चौथ्या दिवसापर्यंत थांबा.

शंका असेल तर एक स्वस्त चाचणी आहे. ग्लुकोजच्या ह्यू-लीफसन माध्यमाच्या दोन नळ्या, एक उघडी, एक वरून पॅराफिनने बंद. पँटोइया बंद नळीतही आम्ल करतो. झँथोमोनासला हवा लागते, तो बंद नळीत काही करत नाही. ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तार-चाचणीवर मात्र या कामी विसंबू नका. दोघेही ग्रॅम-ऋण, तार दोघांचीही येते, आणि डिंकाळ कॉलनी तर नुसत्या पाण्यातही तार देते.

सुळके छान, स्कोअर १.६

इथे तुमचं काहीच चुकलेलं नसतं. ग्रंथालयात ते पुस्तकच नसतं. ही ग्रंथालयं मुख्यतः माणसांच्या आजारांसाठी भरली गेली. वनस्पतींचे रोगकारक त्यांत मोजके, आणि त्यांचेही एक-दोनच प्रतिनिधी. मग यंत्र जवळचा नातेवाईक पुढे करतं. आम्हाला कमी स्कोअरच्या यादीत वारंवार स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया वर दिसायचा. रुग्णालयातले दादा म्हणाले, "हा तर आमच्या आयसीयूतला, तुमच्या बागेत काय करतोय?" नातं मात्र खरं आहे. दोघे एकाच कुळातले, आणि १९८३ ते १९९३ या काळात त्या जिवाणूचं नावच मुळी झँथोमोनास माल्टोफिलिया होतं. १.७च्या खालचं नाव म्हणजे यंत्राने केलेला अंदाज असतो, त्यावरून अहवाल लिहायचा नाही.

कायमचा उपाय म्हणजे आपली नोंद स्वतः घालणं. एका पक्क्या संवर्धाचा, म्हणजे शुद्ध वाढवलेल्या जिवाणूचा, अर्क ८ ठिपक्यांवर लावायचा, प्रत्येक ठिपका ३ वेळा वाचायचा, म्हणजे २४ आलेख. त्यांतले वेडेवाकडे काढून किमान २० चांगले उरले पाहिजेत. त्यांवरून सॉफ्टवेअर एक संदर्भ नोंद बनवतं. काम एका दुपारचं आहे. अवघड भाग 'पक्क्या' या शब्दात आहे. जिवाणू ओळखायला नेहमी वापरतात त्या १६एस जनुकावर नुसत्या झँथोमोनासच्या प्रजाती नीट सुटत नाहीत, सगळे जवळजवळ सारखेच दिसतात. जायरेज-बी जनुकाचा क्रम काढा, आणि निरोगी रोपावर टोचून तेलकट डाग परत येतो का ते बघा. हे न करता, 'तेल्यातून आलाय म्हणजे तोच असणार' म्हणून नोंद घातली आणि तो पँटोइया निघाला, तर इथून पुढे प्रत्येक पँटोइया तुम्हाला २.४ स्कोअरने तेल्या म्हणून दिसेल. चूक ग्रंथालयात शिरली की ती हिरव्या रंगात परत येते. एका बागेतल्या एकाच संवर्धावर थांबू नका, वेगवेगळ्या भागांतले घ्या, आणि नोंदीच्या नावात झाड, माध्यम आणि किती तासांची वाढ हेही लिहा. मूळ संवर्ध २० टक्के ग्लिसरीनमध्ये उणे ८० अंशांवर जपून ठेवा. पुण्यातल्या किंवा चंदीगडच्या एखाद्या संवर्ध-संग्रहात ठेवायला दिला तर आणखी उत्तम.

बुरशीसाठी हाच लेख वापरू नका. फ्युझेरियमसारख्या धाग्यांना द्रव माध्यमात फिरवत वाढवावं लागतं, भिंती फोडाव्या लागतात आणि गडद बुरशींत काळा रंगही नडतो. तो वेगळाच संसार आहे.

नाव बरोबर आलं, आता लिहायचं काय?

इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात. १९५२ साली दिल्लीहून पहिल्यांदा नोंदलेला हा जिवाणू बरीच वर्षं झँथोमोनास अ‍ॅक्सोनोपोडिस, पॅथोव्हार (म्हणजे झाडावरून ठरणारा उपप्रकार) प्युनिसी या नावाने ओळखला गेला. आता वर्गीकरणात तो झँथोमोनास सिट्री या प्रजातीत धरतात. तुमच्या ग्रंथालयात जुनं नाव असेल, जनुकाच्या अहवालात नवं असेल. दोन वेगळे जिवाणू सापडले म्हणून गोंधळू नका.

पण कागदी लिंबावर खैऱ्या पाडणाराही झँथोमोनास सिट्रीच. दोघांची रायबोसोमची प्रथिनं इतकी सारखी की नेहमीच्या स्कोअरवरून हा डाळिंबाचा आणि हा लिंबाचा असं सांगता येत नाही. पॅथोव्हार ठरतो तो कुठल्या झाडाला आजारी पाडतो यावर, आणि ते यंत्राला दिसत नाही. त्यासाठी टोचणी चाचणी किंवा खास पीसीआर. जिवाणू कुठल्या औषधाला दाद देईल, हेही या आलेखातून कळत नाही. बागायतदार हमखास तेच विचारतात, तेव्हा आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझं मत विचाराल तर रोजच्या तेल्यासाठी माल्डी लागत नाही. ताजा डाग, सूक्ष्मदर्शकातला लोट आणि चार दिवसांची प्लेट एवढ्यावर भागतं. डाग नेहमीसारखा नसेल, किंवा एकदम साठ-सत्तर संवर्ध चाळायचे असतील, तेव्हा यंत्राची खरी किंमत कळते, कारण ठिपक्यामागे खर्च थोडा आणि उत्तर मिनिटांत.

आम्ही आता अहवालात दोन ओळी वेगळ्या ठेवतो. पहिली: 'माल्डी-टॉफ: झँथोमोनास सिट्री, स्कोअर अमुक, स्थानिक नोंदीशी जुळणी.' दुसरी: 'डाळिंबाच्या पानावरून वेगळा केला, टोचणी चाचणी झाली / झाली नाही.' दुसऱ्या ओळीतल्या 'झाली' आणि 'झाली नाही' यांपैकी जे लागू नाही ते आमच्यातलं कुणीतरी पेनाने खोडतं आणि त्यापुढे सही करतं.